वाय गुणसूत्राला न दिसणाऱ्या आया

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएलांची जुनी दफनभूमी आहे. कोकणातल्या या यहुदी समाजाची कथा तिथूनच सुरू होते. किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते लाटांबरोबर वाहून आली आणि नवगावला पुरली गेली. वाचलेल्यांचे वंशज गावोगाव पांगले, घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचा हा त्यांचा नेम, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर.

पुढे या कथेच्या मागोमाग जनुकशास्त्र आले. ट्यूडर पारफिट या ब्रिटिश अभ्यासकाने बेने इस्राएल पुरुषांच्या वाय गुणसूत्राची तपासणी केली आणि 2002 मध्ये वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. यहुदी पुरोहितांशी, म्हणजे कोहेन घराण्यांशी जोडली गेलेली जनुकीय खूण कोकणातल्या या माणसांतही सापडली होती. समाजात आनंद झाला. कितीतरी पिढ्या ‘तुम्ही खरेच यहुदी का?’ हा प्रश्न ऐकत आलेल्यांना तो व्हावा, यात नवल नाही.

कोहेन म्हणजे मोशेचा भाऊ आरोन याच्या पुरुषवंशातला. हा मान बापाकडून मुलाकडेच जातो, आणि वाय गुणसूत्राचाही रस्ता तोच. ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसेच्या तसे मिळते. अधूनमधून त्यात बारीकसा बदल होतो, तो पुढच्या सगळ्या पुत्रपौत्रांत उतरतो, आणि अशा बदलांच्या हिशेबावरून दोन घराण्यांची फाटाफूट साधारण कधी झाली असेल याचा अंदाज बांधता येतो. कार्ल स्कोरेकी हे मूत्रपिंडांचे डॉक्टर, पूर्व युरोपातून आलेल्या कोहेन कुटुंबातले. सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, एका सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या परंपरेतल्या, कोहेनाला तोरा हा धर्मग्रंथ वाचण्याचा पहिला मान मिळालेला त्यांनी पाहिला. दोघांचे चेहरे वेगळे, मुलूख वेगळे. पण परंपरा खरी असेल तर मूळपुरुष एकच. मायकल हॅमर या जनुकशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. 1997 आणि 1998 मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या कोहेनांपैकी निम्म्याच्या आसपास पुरुषांत वाय गुणसूत्राची एकच ठेवण होती आणि ती दोन-तीन हजार वर्षे जुनी असावी.

दक्षिण आफ्रिकेतल्या लेंबा लोकांचे उदाहरण याहून थक्क करणारे आहे. आपले पूर्वज यहुदी होते, असे हा बांटूभाषक समाज सांगत आला होता. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यातल्या बुबा या मानाच्या कुळात ही खूण निम्म्याहून अधिक पुरुषांत मिळाली. तोंडी परंपरेला इतक्या उघडपणे दुजोरा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही या खुणेचा आवाका लहान आहे. सुरुवातीच्या अभ्यासात तिची ठेवण फक्त सहा जागांवरून ठरवली होती, आणि तशी ठेवण मध्यपूर्वेतल्या यहुदी नसलेल्या पुरुषांतही आढळते. शिवाय दहा पिढ्या मागे गेले तर कोणाही माणसाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या 1024 जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच जागेबद्दल बोलते. बापाच्या आईबद्दल, तिच्या बापाबद्दल, उरलेल्या सगळ्यांबद्दल ते मुके आहे.

धर्माचा प्रश्न मात्र त्या सगळ्यांना घेऊन उभा राहतो. यहुदी धर्मशास्त्रात कुळ आणि पुरोहितपण बापावरून ठरते, पण माणूस यहुदी की नाही हे आईवरून. धर्म स्वीकारून आलेल्यासाठी तिसरी वाट आहे. त्याला ‘अब्राहामाचा पुत्र’ म्हणूनच पुकारतात. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने मैमोनिदीस या यहुदी धर्मपंडिताला विचारले होते, की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे मी म्हणू शकतो का? मैमोनिदीसने निःसंदिग्ध होकार दिला. ज्याने तो मार्ग पत्करला, त्याचा अब्राहाम हा पिताच, असा त्या उत्तराचा आशय आहे. आपल्याकडे दत्तक गेलेला मुलगा नव्या बापाचे गोत्र लावतो आणि त्याच्या पितरांना पिंड देतो. त्याच्या अंगातले गुणसूत्र जुन्याच घराचे असते, पण पितर कोणाचे हा प्रश्न विधीने सुटलेला असतो.

बेने इस्राएलांची ओळख पटली ती कशावरून? परंपरा सांगते की दाविद रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला. तो कधी आला यावर एकमत नाही. कोणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातला. या लोकांचा शनिवारचा नेम, मुलांची सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्याला ओळखीची वाटली, पण खात्री पटेना. मग त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे आपण खात नाही म्हणून बाजूला सारले. तोराचा नियम नेमका हाच आहे. रहाबीची शंका फिटली आणि त्याने या लोकांना धर्माचे शिक्षण द्यायला घेतले.

या कथेत पुराव्याची जागा स्वयंपाकघर आहे आणि साक्षीदार बायका आहेत.

आता 2016 चा अभ्यास पाहावा. ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या या संशोधनात 18 बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकसंचभर पसरलेल्या खुणा तपासल्या होत्या. त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा, असा दोन्हींचा मोठा वाटा निघाला. हा संकर सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाला असावा. पुरुषांच्या बाजूने यहुदी वाटा जास्त आणि स्त्रियांच्या बाजूने भारतीय. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांवरून झालेले आधीचे कामही तेच सांगत होते, की या समाजाच्या मूळमातांपैकी बहुतेक जणी इथल्याच.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र बदलते. रहाबीसमोर मासे निवडणाऱ्या त्या बायका बहुधा कोकणच्याच मुलींच्या नाती-पणत्या होत्या. बाहेरून आलेला धर्म त्यांच्या पणज्यांनी आपल्या चुलीवर घेतला आणि ग्रंथ, रब्बी, सिनेगॉग यांतले काहीही हाताशी नसताना तो लेकीसुनांच्या हाती दिला. बिरड्याचा रोजा, दारफळणीचा सण ही यहुदी उपवास-सणांची मराठी नावे त्यांच्याच तोंडची वाटतात. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होणाऱ्या मलिद्याचे पोहे, गूळ आणि खोबरेही कोकणच्याच घरातले. वाय गुणसूत्राची चाचणी कितीही अचूक झाली, तरी या बायका तिच्यात उमटणारच नाहीत. ज्यांनी धर्म टिकवला त्यांनाच वगळून धर्माचा पुरावा शोधणे हा अन्याय आहे, आणि कोहेनांशी जोडणाऱ्या बातम्यांच्या आनंदात तो कोणाच्या ध्यानी आला नाही.

हा वाद पुस्तकी नाही. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या बाबतीत 1962 मध्ये तिथल्या प्रमुख रब्बी मंडळाने फर्मान काढले. त्यांच्यापैकी कोणी इतर यहुद्यांशी लग्न करणार असेल, तर आई, आजी अशी मागे मागे चौकशी करायची, कुठे परधर्मीय रक्त मिसळले का ते पाहायचे. भारतात ज्यांना कोणी यहुदी म्हणून छळले नव्हते, त्यांना यहुद्यांच्याच देशात स्वतःला सिद्ध करावे लागले. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, संसदेत चर्चा झाली आणि 1964 मध्ये रब्बी मंडळाला त्या नियमातून बेने इस्राएलांचे नाव काढावे लागले.

तेव्हा गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पूर्वज शोधायची सोय नव्हती. आज आहे. सोव्हिएत संघातून आलेल्या काही कुटुंबांना यहुदीपणाची खात्री पटवण्यासाठी जनुकीय चाचणी सुचवली जाते, असे 2019 मध्ये इस्राएलचे तेव्हाचे प्रमुख रब्बी दाविद लाऊ यांनीच मान्य केले. आईकडचा वंश हाच धर्मशास्त्राचा आधार असल्याने अशा वेळी मायटोकॉन्ड्रियाची चाचणीही पुढे येते. 1962 मध्ये ती हाताशी असती, तर कोकणातल्या त्या मूळमाता परक्या ठरल्या असत्या. तेल गाळत, शनिवार पाळत, खवल्याची मासळी निवडत आलेला अख्खा समाज लग्नाच्या मांडवाबाहेर उभा राहिला असता, आणि धरणे धरायला त्यांच्यापाशी ‘आम्ही हे पाळत आलो’ याखेरीज दुसरा दाखला उरला नसता. 1964 मध्ये माघार रब्बी मंडळालाच घ्यावी लागली. रब्बी न्यायालयांनी आज या दाखल्यालाच पहिले स्थान द्यायला हवे.