खिचडीचे राष्ट्रीयत्व

राष्ट्राला ध्वज असतो, राष्ट्रगीत असते, राष्ट्रीय पशू आणि राष्ट्रीय पक्षी असतो. मग राष्ट्रीय अन्नपदार्थ का नसावा? वरवर पाहता हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. जेवणानंतर सुपारी कातरत करावयाच्या गप्पांतला तो विषय. परंतु 2017 च्या नोव्हेंबरात याच प्रश्नाने काही दिवस देशभर खळबळ उडवून दिली होती, हे वाचकांना स्मरत असेल. दिल्लीत भरणाऱ्या ‘वर्ल्ड फूड इंडिया’ या मेळाव्यात खिचडीला राष्ट्रीय पदार्थाचा मान मिळणार, अशी बातमी पसरली. लगेच कुणी बिर्याणीची बाजू घेतली, कुणी डोशाची, तर कुणी खिचडी हे आजाऱ्याचे अन्न म्हणून नाक मुरडले. अखेरीस तत्कालीन केंद्रीय मंत्री हरसिमरत कौर बादल यांना खुलासा करावा लागला की असा कोणताही निर्णय झालेला नाही. खिचडी शिजणार आहे ती केवळ विक्रमासाठी. 4 नोव्हेंबर रोजी संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली 918 किलो खिचडी शिजली, विक्रमाची नोंद झाली आणि वाद निवला. त्याआधी काही आठवडेच आमच्या नागपुरात विष्णू मनोहर यांनी 3000 किलो खिचडी शिजवून दाखवली होती. तेव्हा मात्र राष्ट्राची आठवण कुणास झाली नाही.

वाद निवला तरी त्यातला प्रश्न आम्हांस सोडीना. एखादा पदार्थ ‘देशाचा’ आहे असे आपण कोणत्या निकषावर म्हणतो? बहुसंख्य लोक खातात म्हणून म्हणावे, तर पहिला मान बहुधा चहाला द्यावा लागेल, आणि तो तर इंग्रजांनी लावलेला नाद. प्राचीनतेवर म्हणावे, तर खिचडीची बाजू नक्कीच भक्कम आहे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून वर लोणी घेऊन खाणारे लोक पाहिले. सोळाव्या शतकातील ‘ऐन-ए-अकबरी’त खिचडीची कृती आहे. तीत तांदूळ, डाळ आणि तूप समान वजनाचे सांगितले आहे. तुपाचे ते प्रमाण पाहता ती शेतमजुराची खिचडी नव्हे, हे उघड आहे. आणि शुद्ध स्वदेशी उगमाचा निकष लावावा, तर मिरची, बटाटा, टोमॅटो या तिन्ही वस्तू अमेरिका खंडातल्या; पोर्तुगीज दर्यावर्दी येण्यापूर्वी त्या या भूमीला ठाऊक नव्हत्या. मग आपल्या विदर्भाच्या झणझणीत रश्श्यालाही परदेशीच म्हणावे लागेल!

इतर देशांची स्थिती याहून निराळी नाही. 2001 मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी ‘चिकन टिक्का मसाला’ हाच ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. थायलंडमध्ये ‘पॅड थाई’ राष्ट्राभिमान म्हणून पुढे आणली ती फिबुन यांच्या राजवटीने, गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत. तिच्या शेवया मात्र मूळ चिनी. आणि 2022 मध्ये, युद्ध सुरू असताना, युनेस्कोने युक्रेनच्या बोर्श्च शिजविण्याच्या परंपरेला तातडीने जतन करावयाच्या वारशात स्थान दिले, तेव्हा बिटाचे सार कोणाचे यावरून मॉस्को संतापले. सारावरून राष्ट्रे भांडतात ती भुकेपोटी नव्हे.

आम्हां कॅथलिकांना यातले मर्म समजावे असा एक दाखला आपल्या घरातलाच आहे. वसईकडील लोकस्मृतीत एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते: पोर्तुगीज काळात विहिरीत पावाचा तुकडा टाकला गेला, न कळत ते पाणी गाव प्याले आणि त्याबरोबर ते गाव ‘बाटले’. गोष्ट अक्षरशः घडली की नाही हा वाद इतिहासकारांनी करावा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पावाच्या तुकड्याने माणूस समाजाबाहेर जातो, या गोष्टीवर सांगणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा दोघांचाही विश्वास होता. धर्मांतर श्रद्धेने झाले नाही, पोटातून झाले, असा त्याचा अर्थ. पुढे गोव्याच्या ख्रिस्ती भटारी लोकांनी तोच पाव मुंबईस नेला. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी त्यात बटाटेवडा घातला असे सांगतात, आणि आज वडापावाला महाराष्ट्राची ओळख म्हणून मिरविताना कुणाच्या मनास ती विहीर शिवत नाही. ज्या पावाने माणसे बाहेर काढली त्याच पावाने ती एका गाडीभोवती उभी केली. पाव बदलला नाही. ‘आपले कोण’ याचे उत्तर बदलले. म्हणून देशाचा पदार्थ कोणता, असे कुणी विचारू लागला की आम्ही थोडे सावध होतो. त्या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न दबा धरून असतो: देश कोणाचा?

येथे ‘राष्ट्रीय’ या विशेषणाचे दोन अर्थ वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. राष्ट्रीय पक्षी म्हणताना आपण मिरवितो. राष्ट्रीय कर्ज म्हणताना देणे मान्य करतो. खिचडीच्या वादात सगळे पहिल्या अर्थाने भांडले. दुसऱ्या अर्थाने, म्हणजे देशावर असलेले देणे या अर्थाने, खिचडी त्या वादाच्या कितीतरी आधी राष्ट्रीय झाली होती, आणि तीही न्यायालयाच्या आदेशाने. शाळेतील मुलांसाठीची पोषण आहार योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्ये कोरडे धान्यच वाटीत. आपल्याकडेही महिन्याला 3 किलो तांदूळ घरी जात असे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला, वर्षातून किमान 200 दिवस, किमान 300 उष्मांकांचे आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनांचे शिजलेले अन्न मिळाले पाहिजे. महाराष्ट्राच्या शाळांत ते अन्न बहुतांशी खिचडीच्या रूपाने आले. आज तिशीच्या आतबाहेर असलेल्या आपल्या धर्मग्रामातील कित्येकांना ‘खिचडी’ म्हटले की शाळेचा व्हरांडा, ओळीत मांडलेली ताटे आणि डावाने वाढणाऱ्या बाई आठवतात. दिल्लीची कढई आठवत नाही.

ही खिचडी येते कोठून? हिंगणघाटकरांनी तरी हे विचारावयास हवे. आपल्याकडे कपाशीच्या तासांमधून तुरीची ओळ पेरतात. कापूस पैशासाठी, तूर घरच्या वरणासाठी आणि उरली तर बाजारासाठी. विदर्भाच्या घरोघरच्या खिचडीत मुगापेक्षा हीच डाळ अधिक पडते. 2015 साली तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत चढली, म्हणून शेतकऱ्याने पुढल्या हंगामात भरभरून तूर पेरली. पीक उदंड आले आणि 5050 रुपये हमीभाव असताना 2017 च्या आरंभी बाजारातला भाव त्याच्या पुष्कळ खाली गेला. विदर्भातील खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. बारदाना नाही म्हणून खरेदी थांबली, मुदत संपली म्हणून थांबली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीत खिचडीचा सोहळा झाला. हा योगायोगच, पण बोलका.

हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. त्याचे कार्यवाह जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते, ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि घाण्याचे तेल यांच्या हिशोबात आयुष्यभर गढून राहिला. गांधीजींनी 1935 मध्ये तेथेच सोयाबीन खाऊन पाहण्याचे प्रयोग केले. (आज वर्धा जिल्ह्यात सोयाबीनचे शेतच्या शेत उभे असते, पण ते खाण्यासाठी नव्हे, कारखान्यात जाण्यासाठी.) मगनवाडीत कोणी राष्ट्रीय पदार्थ शोधत नव्हते. तांदूळ सडताना त्याचे पोषण कोठे जाते आणि सडणाऱ्या बाईची मजुरी कोठे जाते, हे तेथे विचारले जात होते. आम्हांस हा प्रश्न अधिक ख्रिस्ती वाटतो.

संत पौलाने अन्नाविषयी दोनदा कठोर शब्द वापरले. रोमकरांना त्याने बजावले की सर्व काही खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. करिंथकरांवर तो अधिक संतापला, कारण एकाच सभेत आपापले जेवण घेऊन बसणाऱ्यांपैकी एक उपाशी राहत होता आणि दुसऱ्यास प्यालेली चढत होती. कोणते जेवण, याची चौकशी त्याने केली नाही.

या दोन्ही उपदेशांची कसोटी नुकतीच आपल्या शाळांत लागली. 2023 च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने आठवड्यातून एकदा शाळकरी मुलांना अंडे द्यावे असे ठरविले. जे अंडे खात नाहीत त्यांना केळे. ही तरतूद आम्हांस न्याय्य वाटली होती: खाणाऱ्यास मिळावे, न खाणाऱ्यावर लादू नये. तरीही विरोध झाला, आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी बंद केला. द्यावयाचे असल्यास शाळांनी लोकसहभागातून द्यावे, असे सांगितले. ज्यांनी विरोध केला त्यांची मुले बहुतेक त्या ओळीत बसत नाहीत, हे आमचे निरीक्षण कटू असले तरी आम्ही मागे घेणार नाही. ज्याच्या घरी रात्री पातळ वरणच असते, त्या पोराच्या ताटातून अंडे उचलून ‘आपली संस्कृती’ जपली असे कुणी म्हणू लागले, की खिचडी ही अन्न न राहता कुंपण होते. खिचडीचा यात काय दोष? तिच्यात तर जे पडेल ते सामावते. साहेबांनी तिच्यात मासे आणि उकडलेली अंडी घालून ‘केजरी’ केली, तरी तिने तक्रार केली नाही.

आपल्या लहानशा धर्मग्रामात केरळची, छोटानागपूरची, तामिळ आणि इथली मराठी अशी कुटुंबे एकत्र आहेत. सणाच्या जेवणाला कोणता पदार्थ करावा यावर दर वर्षी थोडी कुरकुर होते, आणि ती व्हावीही. परंतु यंदा धर्मग्राम मंडळापुढे आम्ही निराळा विषय ठेवला आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला दररोज 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ मिळाली पाहिजे, असा नियम आहे. आपल्यापैकी जे पालक शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत त्यांनी महिन्यातून एकदा डाळ वजन होताना समोर उभे राहावे. आणि लोकसहभाग हवाच असेल, तर जवळच्या एका शाळेसाठी आठवड्याला अंड्यांचे किती ट्रे लागतील आणि केळी किती डझन, याचा हिशोब मंडळाच्या चिटणिसांकडे मागितला आहे. एका ट्रेमध्ये 30 अंडी बसतात. शाळेचा पट कळला की आकडा पुढील अंकात देऊ.