आपल्या माणसाचा गुन्हा

येमेनमधील जबीदचा एक व्यापारी माल घेऊन मक्केत आला. बनू सहमचा सरदार आस बिन वाइल याने माल घेतला आणि मोबदला बुडवला. व्यापाऱ्याने कुरैशच्या घराण्यांकडे दाद मागितली. सर्वांनी त्यालाच झिडकारले. त्याचा दोष एवढाच, की मक्केत त्याचा कबीला नव्हता. अखेर अबू कुबैसच्या डोंगरावरून त्याने आक्रोश केला, तेव्हा काही मंडळी अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली आणि पीडिताला हक्क मिळवून देण्याची शपथ वाहिली. हाच ‘हिल्फुल फुजूल’. पैगंबरी मिळण्यापूर्वी मुहम्मद (स.) त्यात सहभागी होते आणि पुढेही त्यांनी त्याचा गौरवच केला.

वाचकहो, न्यायालय नसलेल्या त्या भूमीत रक्ताचे नाते हेच संरक्षण होते. ते सर्वस्वी वाईट म्हणता येणार नाही. बहिष्काराच्या काळात बनू हाशिमचे ईमान न आणलेले लोकही प्रेषितांबरोबर उपाशी राहिले, ते याच नात्यापोटी. इस्लामने नाती तोडली नाहीत. नाती जपण्याची तर आज्ञाच दिली. त्याने आव्हान दिले ते असबियतला, म्हणजे आपला माणूस चुकूच शकत नाही या हट्टाला.

भाऊ जुलमी असो वा पीडित, त्याला मदत कर, ही अरबांची जुनी रीत. प्रेषितांनी (स.) तेच शब्द उच्चारले. सहाबांनी विचारले, जुलमी भावाला मदत कशी करायची? उत्तर मिळाले : त्याला जुलमापासून रोखा, हीच त्याची मदत. शब्द जुनेच, पण कबील्याची तलवार आता आपल्याच घरच्या जुलमाकडे वळली होती.

याची कसोटी हिजरी ८ मध्ये, मक्का-विजयाच्या वेळी लागली. बनू मखजूम या मातब्बर घराण्यातील एका स्त्रीने चोरी केली. घराण्याची अब्रू वाचवण्यासाठी रदबदली करायला लोकांनी गाठले हजरत उसामा (रजि.) यांना, एका मुक्त गुलामाच्या मुलाला! जग किती बदलले होते, पाहा. आणि तरीही सवय जुनीच होती. प्रेषितांचा चेहरा संतापाने पालटला. प्रतिष्ठिताला सोडून दुर्बलाला शिक्षा करणारे पूर्वीचे समाज त्यामुळेच नष्ट झाले, असे त्यांनी लोकांना बजावले. माझी मुलगी फातिमा असती तरी निवाडा हाच असता, असेही सांगितले.

शिक्षा झाली. त्या स्त्रीने मनापासून तौबा केली, तिचा विवाह झाला. पुढे ती हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे येत असे आणि त्या तिची गरज प्रेषितांच्या कानावर घालीत.