सोवळे आणि पावित्र्य

आमच्या लहानपणी नगरला रविवारच्या शाळेत ‘पवित्र कोणाला म्हणावे?’ असा प्रश्न निघाला की उत्तरे सगळी नकारात येत. जो सिनेमाला जात नाही, विडी ओढत नाही, पत्ते खेळत नाही, शिवी देत नाही, तो पवित्र. बाई मान डोलावीत. आम्हीही मनातल्या मनात हिशेब करून स्वतःला उत्तीर्ण करून घेत असू. पावित्र्य म्हणजे न केलेल्या गोष्टींची यादी, ही समजूत तेव्हा जी बसली ती पुढे बरीच वर्षे हलली नाही.

यातली गंमत, गंमत कसली, खंतच, पुष्कळ उशिरा लक्षात आली. आमचे पणजोबा ज्या समाजातून ख्रिस्ती झाले त्या समाजाला गावचे सोवळे चांगले ठाऊक होते. मात्र बाहेरून, विहिरीपासून लांब उभे राहून. त्यांच्याच पतवंडांनी देवळात बसून नवे सोवळे विणावे, आणि त्यालाच पावित्र्य म्हणावे!

सोवळ्याची आतली बाजू कळायला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. ती १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. नाशिकजवळच्या जलालपूरला, वडिलांच्या कडक सोवळ्याखाली घरातल्या बायका धुऊन धुऊन कशा थकून जात, हे त्यांनी हसत हसत सांगितले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. पुढे पतीजवळ राहायला आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे सांभाळलेच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पण मला त्या तारखेपेक्षा तिच्या आधीचा प्रसंग मोठा वाटतो. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. कोणी पाद्री समोर बसून उपदेश करीत नव्हता. धर्म बदलण्याआधी त्यांचा हात बदलला होता.

‘पवित्र’ हा शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच आहे. आम्हा सुरतकरांना त्यासाठी भाषा बदलावी लागत नाही. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतल्या शब्दाचा अर्थ मात्र ‘वेगळे काढलेले’, देवासाठी राखून ठेवलेले, असा सांगतात. वेगळे काढायचे म्हटले की लगेच कुंपण आले. मोशेच्या नियमशास्त्रात ते आहेही: कुष्ठरोग्याला शिवू नये, प्रेताला शिवू नये, शिवल्यास अमुक इतके दिवस अशुद्ध. अशुद्धता स्पर्शाने पसरते, शुद्धता पसरत नाही, हे त्या व्यवस्थेतले गृहीत आणि आपल्याकडच्या सोवळ्यातलेही तेच. येशू कुष्ठरोग्याला हात लावतो तेव्हा हे गृहीतच उलटते. हात विटाळत नाही, रोगी शुद्ध होतो. न धुतलेल्या हातांनी जेवण्यावरून वाद झाला तेव्हाही, बाहेरून आत जाणारे माणसाला विटाळत नाही, आतून बाहेर पडणारे विटाळते, असेच तो सांगतो. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी तर एक विलक्षण चित्र आहे. महायाजकाच्या शिरपेचावर कोरलेले पावित्र्याचे शब्द एके दिवशी घोड्यांच्या घंटांवर दिसतील, आणि यरुशलेमेतले प्रत्येक स्वयंपाकाचे भांडे वेदीवरच्या भांड्याइतके पवित्र होईल. म्हणजे कुंपण पाडायचे ते पावित्र्य घालवण्यासाठी नव्हे, तर ते चुलीपर्यंत आणि रस्त्यापर्यंत पोचावे म्हणून. रोमन कॅथॉलिक बंधूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली, पावित्र्याचे बोलावणे पाद्री-जोगिणींना तेवढे नसून सर्वांना आहे, असे स्पष्ट केले. पौल तर आपल्या पत्रांत करिंथच्या भांडखोर मंडळीलाही ‘पवित्र जन’ म्हणूनच हाक मारतो.

हे सारे मला पाठ होते. मंडळीत मी यावर दोनदा बोललोही होतो. आता जे सांगायचे ते त्यानंतरचे आहे.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये एक बाप मुलाला घेऊन कचेरीत आला. शहादा तालुक्यातले कुटुंब, नुकतेच सुरतेला आलेले. बाप पॉवरलूमवर, बारा तासांची पाळी. मुलाला नववीत प्रवेश हवा होता. जवळ आठवीचे गुणपत्रक होते, शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. परराज्यातला दाखला म्हणजे त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही हवी. सीमेवरच्या वाचकांना हा व्याप नव्याने सांगायला नको. मी म्हटले, दाखला आणा, जागा आहे. बाप म्हणाला, “सर, दोन दिवस गेलो तर रोज बुडतो, आणि मशीन दुसऱ्याला देतात.” मी नियम पुन्हा समजावून सांगितला. शांतपणे, आवाज न चढवता. नियम माझ्या बाजूने होता, आणि खोटी नोंद करणे मला कधीच जमले नसते. ते दोघे गेल्यावर मी चहा मागवला. आपले हात स्वच्छ राहिले, असे एक बारीकसे समाधान त्या चहात होते, हे आज कबूल केले पाहिजे.

आमच्या शाळेत एक शिपाई आहेत. नवापूरकडचे, घरची बोली मावची, आमच्याच लहानशा मराठी मंडळीचे सभासद. सगळे त्यांना काका म्हणतात. बायबल ते अडखळत वाचतात आणि प्रार्थनेत त्यांना कधी कोणी पुढे बोलावल्याचे मला आठवत नाही. त्या रविवारी प्रभुभोजन होते आणि काका आले नव्हते. सोमवारी ते शाळेतही नव्हते. निरोप एवढाच, की रजा हवी. मंगळवारी सकाळी घंटा द्यायला ते हजर झाले तेव्हा मी जरा कोरडेपणानेच म्हणालो, “काका, रविवारी प्रभुभोजनाला दिसला नाहीत.”

“साहेब, गाडीची वेळ तीच होती.”

त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून टेबलावर ठेवला. दाखला होता. बापाचा अर्ज घेऊन ते रविवारी ताप्ती लाइनीने नंदुरबारला उतरले, तिथून एस.टी.ने पुढे गेले आणि रात्र स्टँडवर काढली. सोमवारी शाळा उघडताच दाखला घेतला, उलट नंदुरबारला येऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत बसून प्रतिस्वाक्षरी मिळवली आणि रात्रीच्या गाडीने परत आले. त्या मुलाशी त्यांचे नाते काही नव्हते. त्या दिवशी दोघांना पाण्याचे पेले त्यांनी नेऊन दिले होते, तेवढीच ओळख. माझा एकही नियम त्यांनी मोडला नव्हता. तो पाळला जावा म्हणून ते दोन दिवस धावले होते. नियमाच्या अलीकडे किती मोकळी जागा होती, हे मला खुर्चीत बसून दिसलेच नव्हते.

मुलगा मधल्या दहा दिवसांत साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या कामाला लागला होता. त्याला तिथून उठवून आणायलाही काकाच गेले. पैसे हातात पडू लागलेले पोर लगेच आले असे नाही. दोन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी तो वर्गात बसला तेव्हा त्याच्या बोटांना टिकल्यांचा डिंक तसाच होता.

काकांनी रजेचा अर्ज आणला. ‘खाजगी काम’ असे लिहिले होते. मी म्हटले, हे शाळेचेच काम होते, हजेरी मांडतो. ते म्हणाले, “नको साहेब. मी शाळेत नव्हतो, तर हजर कसा? रजाच मांडा.”

मी रजा मांडली आणि सही केली.