इशायची शिदोरी



नाताळ जवळ आला की आपल्या घराघरांत करंज्या आणि केकची लगबग सुरू होते. सुक्या मेव्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही, तुर्भ्याचे मसाला मार्केट जवळच आहे. पण ज्या घरचा मुलगा सीमेवर आहे, तिथे करंजीचा पहिला घाणा काढताना आईचा हात थबकतो.

पवित्र शास्त्रात असेच एक घर आहे. बेथलेहेमच्या इशायचे तीन थोरले पुत्र शौल राजाच्या सैन्यात होते. वृद्ध बापाने धाकट्या दावीदबरोबर त्यांच्यासाठी भाजलेले धान्य व दहा भाकरी पाठवल्या आणि भावांची खुशाली आणायला सांगितले (१ शमुवेल १७). त्यांच्या सरदारासाठीही त्याने पनीरचे दहा तुकडे दिले. बापाची शिदोरी स्वतःच्या लेकरांपुरती राहिली नाही.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) कामी आले. फौजीच्या घरात मुलगा रजेवर येतो, तोच सणाचा दिवस!

बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचे घर'. तिथे जन्मलेला प्रभू स्वतः आपली भाकर झाला. त्याच्या वेदीवरून घरी जाताना आपण ठरवू या : आपल्या धर्मग्रामातील जवानाच्या घरी फराळाचे ताट नेऊ, त्याच्या आईची विचारपूस करू आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घेऊ.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू