जन्मठेपेची शिक्षा आणि गीतेचा अद्वेष

खुनाचा आरोप सिद्ध झाला की शिक्षेचा प्रश्न उरतो, आणि धर्मदृष्ट्या तोच अधिक बिकट आहे. कृत्य कोणी केले हे साक्षीपुराव्याने ठरते. परंतु त्या मनुष्याचे पुढे काय करावे हे ठरविताना न्यायाधीशाच्या अंतःकरणाचीही कसोटी लागते.

म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांचे नाव वृंदावन उद्यानामुळे देशभरच्या प्रवाशांस परिचित आहे. त्यांच्या एका नातीचा १९९१ साली बंगळूर येथे तिच्याच पतीने खून केला, आणि तिला पेटीत घालून राहत्या घराच्या आवारात पुरले. १९९४ मध्ये अंगण खणले गेले तेव्हा सत्य बाहेर आले. तोवर तो त्याच घरी सुखाने नांदत होता! हा मनुष्य स्वतःस स्वामी श्रद्धानंद म्हणवीत असे. (आर्यसमाजाच्या थोर स्वामींशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.) इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्यास भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे, याने तर इंद्रियेही आवरली नव्हती, केवळ नाव धारण केले होते.

सत्र न्यायालयाने व उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यास फाशी सुनावली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे अपराधाविषयी एकमत झाले, शिक्षेविषयी मात्र झाले नाही. एकाने फाशी योग्य मानली, दुसऱ्याने जन्मठेप. पुरावा तोच, कायदा तोच, आणि तरी एका निर्णयाने मनुष्य जगतो, दुसऱ्याने मरतो. जेथे दोन निर्मळ बुद्धींत इतके अंतर पडते, तेथे परत घेता न येणारी शिक्षा देताना हात थबकणे ही दुर्बलता नव्हे.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, अशी लोकसमजूत आहे. ती चुकीची आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य, असे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ सालीच सांगितले होते. परंतु सरकारला शिक्षेत सूट देता येते. १९७८ च्या दुरुस्तीने खुनासारख्या गुन्ह्यांत त्या सुटीला किमान चौदा वर्षांची मर्यादा घातली. २००८ मध्ये तीन न्यायमूर्तींना या प्रकरणी चौदा वर्षे फार थोडी वाटली आणि फाशी अधिक वाटली. त्यांनी मधला मार्ग काढला : आमरण कारावास, सूट नाही. २०१५ मध्ये घटनापीठाने बहुमताने हा अधिकार मान्य केला.

गृहस्थ विचारतो, अशास आयुष्यभर पोसावे कशाला? या प्रश्नात न्यायाची चाड थोडी आणि संताप फार असतो. भगवंतांनी अर्जुनास कर्तव्य टाकू दिले नाही, आणि त्याच मुखाने बाराव्या अध्यायात भक्ताचे पहिले लक्षण सर्व भूतांविषयी अद्वेष हे सांगितले. न्यायाधीशाने दयेच्या भरात दंड सोडणे जसे अधर्म्य, तसेच समाजाचा क्रोध आपल्या लेखणीतून वाहू देणेही अधर्म्यच. क्षमा करण्याचा अधिकारही त्याचा नव्हे. तो ज्यांची आई गेली त्या मुलींचा आहे, आणि तो कोणी त्यांच्याकडे मागूही नये.

मग सुटीचे दार कायमचे लावणे कितपत योग्य? नवव्या अध्यायात अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्यास साधूच समजावे, असे आश्वासन आहे. कर्माचे फळ टळेल असे तेथे म्हटलेले नाही. म्हैसूरच्या मध्यवर्ती कारागृहातील जन्मठेपेच्या बंद्यांना रंगायण नाट्यसंस्थेचे नट हुलुगप्पा कट्टीमनी यांनी नाटके शिकविली. त्यांत मॅकबेथचे कन्नड रूपांतरही होते. ज्याच्या हातून खून घडला, त्याने खुनी राजाचा पश्चात्ताप आपल्या मुखाने बोलायचा! त्या वेळी आत काय उलटते, हे कोणत्याही निकालपत्रात आधी लिहिता येत नाही. २००८ च्या न्यायाधीशांना समोरचा मनुष्य दिसत होता; वीस वर्षांनंतरचा त्यांना दिसणे शक्य नव्हते. म्हणून त्याला कोंडून ठेवणे न्याय्य, पण पुन्हा कधीच पाहायचे नाही हे ठरविणे पटत नाही. २०१५ च्या निकालानेही राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या क्षमाधिकारास हात लावलेला नाही. तेवढी एक खिडकी उघडी आहे.