लपवण्याची सक्ती

औषधांच्या दुकानात रक्तदाबाची गोळी मोठ्याने मागितली जाते, गुडघ्याचा पट्टा तिथल्या तिथे चढवून पाहिला जातो. प्रौढांचे डायपर मागताना मात्र आवाज उतरतो. ‘घरी वयस्कर माणूस आहे’ असं कोणी न विचारताच सांगून टाकलं जातं, कमरेचं माप सांगताना आजूबाजूला नजर जाते आणि दुकानदारही सवयीने पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो. तरीही ही वस्तू लागणं म्हणजे माणसात काहीतरी उणं होणं, हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलेलं असतं. अशा माणसाला हल्ली ‘स्वतःला आहे तसं स्वीकारा’ असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. लाज सगळ्यांनी मिळून घडवायची आणि तिच्यातून बाहेर मात्र एकट्याने पडायचं, हा न्याय होत नाही. घरातल्या बोलण्यात, डॉक्टरांच्या प्रश्नांत, कचऱ्याच्या व्यवस्थेत आणि सरकारी यादीत डायपर वापरणाऱ्या माणसाला जागा मिळाली, तरच त्याचा आत्मस्वीकार टिकतो, असं माझं म्हणणं आहे.

मुळात हा प्रश्न कोणाचा आहे, याबद्दलच मोठा गैरसमज आहे. डायपर म्हटलं की अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस डोळ्यांसमोर येतं. लघवीवरचा ताबा सुटणं हे मात्र अनेक निरनिराळ्या कारणांचं लक्षण आहे आणि त्यातली बरीचशी कारणं म्हातारपणाची वाट पाहत नाहीत. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. मग खोकताना, शिंकताना, हसताना किंवा पाण्याची कळशी उचलताना थेंब-दोन थेंब लघवी होते. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास सुमारे दुप्पट प्रमाणात होतो. पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, काही महिने, क्वचित कायमचा ताबा जातो. मधुमेहात मूत्राशयाच्या नसा दुबळ्या होतात. पक्षाघात, पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश यांतही हेच घडतं. मणक्याला मार बसला, तर पंचविशीतल्या धडधाकट तरुणाचाही मूत्राशयाशी असलेला संबंध एका क्षणात तुटतो. पुण्यात खडकीला १९७४पासून चालणारं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर अशाच जखमी जवानांसाठी उभं राहिलं. देशाच्या कामी आलेल्या त्या शरीराबद्दल आपल्याला आदर वाटतो. त्याच शरीराची लघवी हा विषय निघाला की मात्र आपण अवघडतो. ताबा सुटण्याचा संबंध शील, शिस्त किंवा बुद्धी यांच्याशी नसतो. तो स्नायू, नसा आणि मेंदू यांच्याशी असतो.

लाज त्या वस्तूतच भरलेली असती, तर ती वापरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला सारखीच आली असती. तसं होत नाही. तान्ह्या बाळाच्या डायपरची जाहिरात घरातले सगळे मिळून टीव्हीवर पाहतात. अवकाशयानाबाहेर पडून सहा-सात तास काम करणारे नासाचे अंतराळवीर पोशाखाच्या आत प्रौढांचा डायपरच घालतात. सुनीता विल्यम्स यांच्या स्पेसवॉकचं कौतुक करताना कोणाच्याही मनात त्या गोष्टीमुळे कमीपणा येत नाही. तिथे तो कामाचा पोशाख असतो. आतलं तंत्रही एकच. द्रव शोषून त्याचा जेल करणाऱ्या पॉलिमरवर १९६०च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्यात संशोधन झालं, ते जमिनीत ओल टिकून राहावी म्हणून. पुढे तो पदार्थ डायपरमध्ये आला आणि जाड कापडाच्या घड्यांची जागा पातळ, कपड्यांखाली न दिसणाऱ्या अस्तराने घेतली. म्हणजे वस्तू तीच, तंत्र तेच, गरजही तीच. बदलतो तो वापरणाऱ्या माणसाकडे पाहण्याचा आपला दृष्टिकोन. म्हणून लाजेचं मूळ शोधायचं तर ते पाहणाऱ्याच्या नजरेत शोधलं पाहिजे.

त्या नजरेला दोन मुळं आहेत. पहिलं प्रौढपणाच्या कल्पनेत आहे. लहान मुलाला आपण जी पहिली शिस्त लावतो ती शी-शूची. ती जमली की मूल ‘शहाणं’ झालं म्हणतो. ही खूणगाठ इतकी पक्की बसते, की पुढे सत्तराव्या वर्षी तो ताबा सुटला तर माणसाचं शहाणपणही गेलं असं धरलं जातं. मग त्याच्याशी बोबड्या स्वरात बोलणं सुरू होतं, त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोललं जातं, त्याला न विचारता निर्णय घेतले जातात. दुसरं मूळ आपल्या सोवळ्या-ओवळ्यात आहे. शरीरातून बाहेर पडलेलं जे जे आहे त्याला विटाळ मानायचा आणि तो विटाळ त्या माणसालाच नव्हे, तर त्याची स्वच्छता करणाऱ्यालाही चिकटवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तिच्यामुळेच एखादी बाई देवघरात पाऊल टाकेनाशी होते, हळदीकुंकवाला जाणं थांबवते, कीर्तनात शेवटच्या रांगेत दाराजवळ बसते आणि एसटीचा प्रवास म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करते. घरचे म्हणतात, ‘आईला आता कुठे जायला आवडत नाही.’ आवड-निवडीचा त्यात काही संबंध नसतो. शिवाय पाणी कमी पिण्याने काही साधत नाही: लघवी दाट होऊन आग वाढते, बद्धकोष्ठ होतं, जंतुसंसर्गाला वाट मिळते. रात्री घाईघाईने उठून अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडून हाड मोडतं. शरीराचं मूळ दुखणं साधं असलं, तरी लाज त्यावर दुसरं मोठं दुखणं चढवते.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३मध्ये कलंकावर लिहिताना एक महत्त्वाचा भेद केला होता. काही व्यंगं दिसतात, काही लपवता येतात. आणि लपवता येणारं व्यंग असलेल्या माणसाचा सगळा जीव ते उघडं पडू नये यासाठी खर्ची पडतो. डायपर वापरणारा माणूस या दुसऱ्या गटात येतो. त्याची खरी अडचण अशी, की जे लपवतात ते एकमेकांना कधी भेटत नाहीत. पांढरी काठी, कुबडी, व्हीलचेअर दिसते. त्यामुळे ती वापरणारे एकमेकांना ओळखतात, संघटना करतात, मागण्या मांडतात. इथे एकाच चाळीत, एकाच कचेरीत चार माणसं तोच त्रास भोगत असतात आणि चौघांनाही आपण एकटेच आहोत असं वाटतं. लपवल्यामुळे संख्या दिसत नाही, संख्या दिसत नाही म्हणून सोय होत नाही आणि सोय नाही म्हणून हे लपवण्याजोगंच आहे, ही समजूत अधिक घट्ट होते. सॅनिटरी पॅडच्या बाबतीत हे चक्र आपल्या डोळ्यांदेखत तुटलं. पॅडही असंच वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायचं. बायका बोलू लागल्या, मोहिमा झाल्या, जुलै २०१८मध्ये त्यावरचा जीएसटी रद्द झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रात बचतगटांमार्फत स्वस्त पॅड पुरवणारी अस्मिता योजना आली. प्रौढांच्या डायपरवर सप्टेंबर २०२५पर्यंत १२ टक्के कर होता, आता तो ५ टक्के झाला आहे. दिलासा आहे, पण तो कोणी मोठ्याने मागितला होता असं दिसत नाही.

पैशाचा हिशेब केला तर ही अदृश्यता किती महाग पडते ते कळतं. एक डायपर ४० रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन लागले, तर महिन्याचा खर्च ३,६०० रुपये होतो. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन महिन्याला १,५०० रुपये आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्या गरजूंना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यासाठी सांगितलेल्या साधनांत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा आणि मानेचा पट्टा यांची नावं आहेत, डायपरचं नाही. त्यामुळे गरीब घरात तीनऐवजी एकाच डायपरवर दिवस काढला जातो. ओल कातडीला लागून राहते, जांघेत पुरळ उठतं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची माकडहाडापाशी जखम होते. अशा माणसाला आत्मस्वीकाराचं व्याख्यान देणं निरर्थक आहे. त्याला आधी कोरडं राहण्याची सोय हवी.

याला पहिला आक्षेप वैद्यकीय आहे. डायपर स्वीकारणं म्हणजे उपचार सोडून देणं, असं काहींना वाटतं. आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८मध्ये मांडलेले ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आजही उपयोगी पडतात. औषधं आहेत, ठरावीक वेळाने लघवीला जाण्याची सवय लावता येते, शस्त्रक्रियाही होतात. अनेकांचा त्रास त्यांतून जातो किंवा पुष्कळ कमी होतो. परंतु हे उपचार घ्यायचे, तर डॉक्टरांसमोर तोंड उघडावं लागतं, आणि तोंड बंद ठेवण्याचं काम लाजच करते. जो माणूस स्वतःशीदेखील ही गोष्ट कबूल करत नाही, तो इतरांना ती कशी सांगणार? स्वीकार उपचाराच्या आड येत नाही, तो उपचाराचं दार उघडतो. आक्षेपाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. रुग्णालयांत आणि घरांतही, चालू शकणाऱ्या माणसाला केवळ उठवून नेण्याचा त्रास नको म्हणून डायपर बांधला जातो. ‘त्यातच करा, काही होत नाही,’ हे वाक्य ज्याने कळत्या मनाने ऐकलं असेल, त्याच्या मनावर काय ओरखडा उठत असेल याची कल्पना करावी. तिथे डायपर माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतो. म्हणून कसोटी एकच: डायपर कोणाच्या सोयीसाठी आहे? वापरणाऱ्याला घराबाहेर पडता यावं, रात्री झोप लागावी, नातवाच्या लग्नात चार तास निर्धास्त बसता यावं यासाठी तो असेल, तर ते साधन आहे. सांभाळणाऱ्याचं काम वाचावं एवढ्यासाठीच असेल, तर तो अन्याय आहे.

दुसरा आक्षेप असा, की या गोष्टी खाजगीच असाव्यात. त्यांचा उघड उच्चार करून काय साधणार? खाजगीपणाचा हक्क खराच आहे आणि तो कोणाकडूनही हिरावून घेऊ नये. कोणी डायपर वापरतो हे चारचौघांत जाहीर करण्याची काही गरज नाही. फरक निवड आणि भीती यांतला आहे. मला सांगायचं नाही म्हणून मी सांगत नाही, हा खाजगीपणा. कळलं तर माझी किंमत जाईल म्हणून मी सांगू शकत नाही, ही सक्ती. पहिल्यात माणूस पाहुण्यांबरोबर निवांत जेवतो. दुसऱ्यात तो जेवणाचं आमंत्रणच टाळतो. समाजाने बोलावं असं म्हणताना कोणाच्या नावाचा बोभाटा करा असं कोणी म्हणत नाही. विषयाबद्दल मोकळेपणा आला की व्यक्तीला गप्प राहण्याचं स्वातंत्र्य उलट जास्त मिळतं, कारण मग तिच्या गप्प राहण्यात भीती उरत नाही.

तिसरा आक्षेप पर्यावरणाचा. वापरलेला डायपर प्लॅस्टिक आणि पॉलिमरचा गोळा असतो, तो कुजत नाही. हे खरं आहे आणि याचं उत्तर सांभाळून दिलं पाहिजे, कारण इथे एका माणसाची लाज दुसऱ्या माणसाच्या हातांवर पडते. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांत वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात येतात आणि ते गुंडाळून वेगळे द्यायचे असतात. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने यासाठी ‘रेड डॉट’ मोहीम चालवली: कागदात नीट गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडकं उघडून पाहण्याची पाळी आमच्यावर येणार नाही. डायपर वापरणाऱ्या घरात नेमकं उलट घडतं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते पुडकं भाजीच्या देठांखाली, ओल्या कचऱ्यात दडवलं जातं आणि सकाळी एखाद्या कचरावेचक बाईच्या हातात फुटतं. ज्या समाजात घाण उपसण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींच्या माथी मारलं गेलं, तिथे ही गोष्ट साधी मानता येत नाही. लाल ठिपका काढायला धैर्य लागतं, कारण तो घरातली गोष्ट सांगतो. तो काढणं म्हणजे स्वतःच्या शरीराचा स्वीकार आणि दुसऱ्याच्या श्रमांचा आदर एकाच कृतीत करणं होय. पर्यावरणाच्या नावाने वापरणाऱ्याला दोष देण्याऐवजी धुऊन वापरता येणारे प्रकार, चांगलं संकलन आणि योग्य विल्हेवाट यांची मागणी उत्पादकांकडे आणि पालिकांकडे केली पाहिजे.

हे बदल अशक्यप्राय नाहीत. जपानमध्ये एका मोठ्या कंपनीची प्रौढांच्या डायपरची विक्री दशकभरापूर्वीच बाळांच्या डायपरपेक्षा जास्त झाली. दुसऱ्या एका कंपनीने २०२४मध्ये देशात बाळांचे डायपर बनवणंच थांबवलं. तिथल्या अनेक पालिकांनी गेल्या काही वर्षांत पुरुषांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत झाकणाच्या कचरापेट्या बसवल्या, कारण प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पॅड वापरणाऱ्या पुरुषाला ते टाकायला जागाच नव्हती. आपल्याकडच्या कचेऱ्यांतल्या आणि स्थानकांतल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहांत अशी पेटी शोधून पाहावी. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार २०५०पर्यंत भारतातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल. ‘त्यांचा’ म्हणून आपण बाजूला ठेवलेला हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या पुढच्या आयुष्याचा आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. वयोश्री योजनेच्या साधनांत डायपरचं नाव यावं आणि मदत एकदाच न मिळता दर महिन्याला मिळावी. पुरुषांच्या स्वच्छतागृहांत कचरापेटी असावी. साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक बाळंतिणीला डॉक्टरांनी आपणहून विचारावं, ‘लघवीचा काही त्रास होतो का?’ घरात या वस्तूचं नाव चष्म्याचं घ्यावं तसं सरळ घ्यावं, आणि ज्याला ती लागते त्याला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काही ठरवू नये. वाचकांपैकी ज्यांना स्वतःला डायपर लागतो त्यांना एवढंच सांगायचं आहे: पोटभर पाणी प्या, डॉक्टरांना सगळं सांगा आणि जिथे जावंसं वाटतं तिथे जा. तुमच्या वाट्याची लाज तुम्ही निर्माण केलेली नाही. ती संपवण्याचं काम आमचं आहे.