मांजर दिवस मोजत नाही

रस्त्यावरचं मांजर घरी आणलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रुळायला किती दिवस लागतील? प्राणिमित्रांकडे त्याचं तयार उत्तर असतं. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. माणसाला धीर द्यायला हा हिशोब बरा आहे. पण एखादं पिल्लू दुसऱ्याच संध्याकाळी मांडीवर घुरघुरतं आणि एखादा बोका वर्षभर ताटली चाटूनपुसून साफ करूनही हाताच्या टप्प्यात येत नाही. दोघांनाही कॅलेंडर एकच असतं. मग फरक कशाने पडतो?

मांजर दिवस मोजत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज ते सतत बांधत असतं आणि तो किती वेळा खरा ठरला, याची नोंद ठेवतं. विश्वास या नोंदीतून तयार होतो. आधी जागेबद्दलचे अंदाज, मग वेळेबद्दलचे, आणि सगळ्यात शेवटी माणसाच्या हाताबद्दलचे.

पुण्यात हा प्रश्न तसा अलीकडचा. कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या वाड्यांत मांजर कुणी आणत नसे. ते कौलांवरून, माळ्यावरून, मागच्या चौकातून आपणहून येई. उंदरांसाठी ते हवं असे, उघड्या दुधासाठी नको असे. मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात; त्यातलं कुठलं घर बरं, हे ती ठरवी. ओळख उंबऱ्याबाहेरच वाढत जाई आणि पळायची वाट कायम मोकळी असे. त्यामुळे किती दिवस लागले, हे कुणी विचारलंच नाही.

फ्लॅटमध्ये गोष्ट उलटी होते. पार्किंगमध्ये किंवा डक्टमध्ये वाढलेलं मांजर कॅरिअरमध्ये बंद होतं, लिफ्टने वर जातं, दार लागतं, खिडक्यांना जाळ्या असतात. जाळ्या हव्यातच, नाहीतर ते घाबरून खाली उडी घेईल. पण काही मिनिटांत त्याचा सगळा इलाका नाहीसा झालेला असतो. कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं आपल्याकडे म्हणतात. त्रास देणारं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं आणि चार दिवसांनी ते पुन्हा दारात हजर, असे किस्से जुन्या पुणेकरांकडे हमखास असतात. घराला धरून राहणाऱ्या प्राण्याचं घरच आपण बदललेलं असतं. माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न त्या क्षणी नसतोच. आपण कुठे आहोत, हा असतो.

त्याचं उत्तर ते नाकाने शोधतं. गालाजवळ, हनुवटीखाली आणि तळव्यांत गंधग्रंथी असतात. खुर्चीच्या पायाला गाल घासून मांजर तिथे स्वतःचा वास ठेवतं. नव्या घरात त्याचा वास कुठेच नसतो. तिथे फिनाइलचा, उदबत्तीचा, फोडणीचा वास असतो. म्हणून सुरुवातीला एकच खोली द्यावी आणि त्याने अंग टाकलेलं फडकं लगेच धुऊ नये. फिनाइल तर लांबच ठेवावं; फरशीवरून पंजांना लागलेलं मांजर चाटतं आणि त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्यं त्याच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत.

पलंगाखाली बसलेल्या मांजराला ओढून बाहेर काढणं ही या टप्प्यावरची सगळ्यात मोठी चूक. लपायला जागा मिळाली तर ते कधी बाहेरच येणार नाही, असं वाटतं. घडतं नेमकं उलटं. उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी नेदरलँड्समधल्या एका आश्रयगृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोका दिला, ९ जणांना दिला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिसऱ्याच दिवशी खोकेवाल्यांचा ताण स्पष्ट कमी दिसला. आत शिरलं की कुणी त्रास देत नाही, हा अंदाज खरा ठरला की मांजर त्या भरवशावर बाहेर डोकावतं. लपण्याची काळजी नको. न खाण्याची मात्र करावी. दिवसभर त्याने अन्नाला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना विचारावं, कारण काही दिवसांच्या उपाशीपणातच मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं.

जागा कळली की वेळ. सकाळी दूधवाला येतो, नऊला घर रिकामं होतं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या की थोड्या वेळाने ताटली खाली येते. हा क्रम मांजर फार बारकाईने टिपतं. ओहायो राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २० आजारी आणि १२ निरोगी मांजरांवर नजर ठेवली. आजाऱ्यांना मूत्राशयाच्या दाहाचा जुना त्रास होता. २०११ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की देखभाल करणारा माणूस बदलला, रोजची वेळ चुकली, की निरोगी मांजरंही उलट्या करतात, खाणं कमी करतात, ट्रेच्या बाहेर घाण करतात. म्हणजे अंदाज चुकल्याचा त्रास थेट पोटात उतरतो. घरात पाच माणसं लाड करणारी असतील आणि पाचही वेगवेगळ्या वेळी खाऊ घालत असतील, तर त्यापेक्षा एकट्या, वक्तशीर माणसाकडे मांजर लवकर रुळतं.

पुण्याचं स्वतःचं वेळापत्रकही इथे आडवं येतं. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, विसर्जन मिरवणूक चोवीस तास उलटले तरी चालू असते, मग दिवाळीचे फटाके. आपले कान २० हजार हर्ट्झच्या आसपास थांबतात. मांजराचे ८० हजारांच्याही पुढे जातात. आवाज कुठून आला, तो कधी संपेल, याचा कुठलाच अंदाज त्याला बांधता येत नाही. म्हणून दिवाळीच्या आठवड्यात नवं मांजर घरी आणू नये, आणि आधीच आणलेलं पुन्हा पलंगाखाली गेलं तर सगळं वाया गेलं असंही समजू नये.

आता हात. कीर्तन-प्रवचनांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगतात. वानराचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं; मांजराचं पिल्लू नुसतं पडून राहतं, आई त्याला मानेला धरून उचलते. रामानुजांच्या परंपरेत यावरून दोन पंथांचे भक्तिमार्ग वेगळे ओळखले गेले. शरणागतीसाठी मांजराचं पिल्लू हा दृष्टान्त सुंदर आहे, पण तो पिल्लाचा आहे. मानेला धरल्यावर अंग सैल सोडणं ही त्याची उपजत प्रतिक्रिया आहे आणि तीही आईपुरती. मोठ्या मांजराला तसं उचललं तर ते भीतीने ताठरतं किंवा ओरबाडतं. विश्वासाच्या बाबतीत मोठं मांजर मर्कटन्यायाने चालतं: धरायचं की नाही, आणि कधी, हे ते स्वतः ठरवतं.

झुरिकमधल्या डेनिस टर्नर यांच्या गटाने घरातल्या मांजरांचं निरीक्षण केलं तेव्हा हेच आढळलं. जवळीक मांजराने सुरू केली तर ती जास्त वेळ टिकते, माणसाने सुरू केली तर लवकर आटोपते. म्हणून हात पुढे नेऊन थांबावं. त्याने वास घेतला आणि गाल लावला, तर गालापाशीच खाजवावं आणि मध्येच थांबून पाहावं. ते आणखी पुढे आलं तर ते हो म्हणतंय. त्याच्याकडे टक लावण्यापेक्षा डोळे सावकाश मिटून उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही मांजरं अधिक सहज आली. आणि ओरखडा किंवा चावा बसलाच तर रुसवेफुगवे बाजूला ठेवून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा.

इतकं करूनही दोन मांजरांत जमीन-अस्मानाचा फरक उरतो, कारण नोंदवहीची पहिली पानं आपल्या भेटीआधीच लिहिलेली असतात. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की पिल्लू माणसाला आपलं मानायला शिकतं ते मुख्यतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात ज्याला माणसांनी हाताळलं, ते पुढे अनोळखी हातालाही कमी भितं. सँड्रा मकून यांच्या १९९५ च्या संशोधनाने त्यात बापाची भर घातली. धीट बोक्याची पिल्लं धीट निघतात, मग तो बोका पिल्लांकडे कधी फिरकलेला का नसेना.

पुण्यातली बहुतेक भटकी मांजरं मधल्या पट्ट्यात येतात. मासळी बाजारातल्या ओट्याखाली, खानावळीच्या मागच्या दाराशी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेल्या पिल्लाने त्या आठवड्यांत माणसांची पावलं आणि आवाज भरपूर ऐकलेले असतात, हात मात्र क्वचित अनुभवलेला असतो. म्हणून ते पायांत घुटमळतं, पण उचललं की फिस्कारतं. त्याची पहिली पानं अर्धी भरलेली असतात आणि उरलेली भरता येतात, सावकाश. ज्याला त्या वयात माणूस भेटलाच नाही, अशा प्रौढ बोक्याला मात्र चार भिंतींत कोंडून प्रेमळ बनवण्याचा हट्ट धरू नये. नसबंदी करून, लस टोचून, खूण म्हणून कानाचं टोक छाटून त्याला त्याच्याच गल्लीत परत सोडणं हा त्याच्यासाठी जास्त मायेचा मार्ग आहे. ठरलेल्या वेळी वाटीजवळ येणं आणि चार हात अंतरावर निर्धास्त बसणं, हाही पुरता विश्वासच आहे.  

मग रुळलंय हे ओळखायचं कसं? आणल्याची तारीख बाजूला ठेवून दुसरीच वेळ मोजावी. भांडं पडतं, दाराची बेल वाजते, मांजर उडी मारून पलंगाखाली जातं. तिथून ते किती वेळाने परत येतं? सुरुवातीला रात्र जाते, मग तासभर, मग पाच मिनिटं. एखाद्या दिवशी ते नुसते कान वळवतं आणि पुन्हा झोपतं. दचकणं मांजराचं आयुष्यभर सुटत नाही, परतणं मात्र लवकर होत जातं. ही वेळ आखडत असेल तर आपलं बरोबर चाललंय. आठवडेच्या आठवडे तिथेच अडली असेल, तर घरातली कुठली गोष्ट त्याचा अंदाज रोज चुकवते आहे, ती शोधून काढावी.